पडदा, उंबरा, तळघर

सज्जनगडावर राममंदिरात दर्शन झाले की माणसे लगेच बाहेर पडत नाहीत. बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरतात. खाली तळघर आहे, तिथे समर्थ रामदासांची समाधी. वर राम, लक्ष्मण, सीता, खाली समर्थ, मधे दगडाचा एक थर. लहानपणी आजीबरोबर गेलो तेव्हा मी विचारले होते, समर्थ एवढे मोठे, तर ते वर का नाहीत? आजी गुडघ्यावर हात टेकत उतरत होती. म्हणाली, "वरखाली आपल्याला रे, त्यांना कसलं आलंय!"

उत्तर तेव्हा पटले नव्हते, आताही पूर्ण पटत नाही. वर आणि खाली, स्वर्ग आणि माती, यांच्या मधे नक्की काय आहे, ही विचारणा माणसाने सगळ्या भाषांत केली आहे. ज्यूंच्या गूढविद्येत, म्हणजे कब्बालात, या मधल्या जागेला चक्क पडद्याचे रूप दिले आहे. ती विद्या सातारच्या वाटेवर, पुण्यापर्यंत, एकदा येऊन गेली होती आणि तिथे तिने चांगलाच वाद पेटवला होता.

आधी पडद्याचे सांगतो. जेरुसलेमच्या मंदिरात सर्वांत आतल्या गाभाऱ्यापुढे एक विणलेला पडदा असे. निळा, जांभळा, किरमिजी, त्यावर पंख असलेल्या आकृती. हिब्रूत त्याला पारोखेत म्हणतात. त्याच्या पलीकडे मुख्य याजकाने वर्षातून एकाच दिवशी, योम किप्पुरला जायचे. बाकीच्यांनी कधीच नाही. इसवी सन ७० मध्ये रोमन फौजेने मंदिर जाळले आणि पडदाही गेला. पण त्याची आठवण राहिली. आजही बहुतेक सिनेगॉगमध्ये तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवलेल्या कपाटाशी पडदा असतो. पुण्याच्या लाल देवळातही आहे. १८६७ साली पुरे झालेले, डेव्हिड ससून यांच्या पैशातून उभे राहिलेले ते लाल विटांचे मनोऱ्याचे देऊळ पुणेकर येताजाता पाहतात. ससून १८६४ मध्ये पुण्यातच वारले आणि त्यांची कबरही त्याच आवारात आहे.

कब्बाला मानणाऱ्यांनी हा कापडी पडदा उचलून विश्वात नेऊन टांगला. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधल्या कॅस्टील प्रांतात 'झोहर' हा ग्रंथ उदयाला आला. परंपरा तो दुसऱ्या शतकातल्या रब्बी शिमोन बर योहाय यांचा मानते. अभ्यासक त्याचे मोठे श्रेय मोशे दे लेओन या कॅस्टीलच्याच माणसाला देतात. झोहरच्या विचारात ईश्वराचे अनंत, नाव नसलेले रूप एका टोकाला आणि आपली माती दुसऱ्या टोकाला. मधे दहा टप्पे, त्यांना सेफिरोत म्हणतात. सर्वांत वर केतेर, म्हणजे मुकुट. सर्वांत खाली माल्खुत, म्हणजे राज्य, आपल्या जगाला सर्वांत जवळचे. नंतर सोळाव्या शतकात गालिलीमधल्या सफेद गावी इसहाक लुरिया आणि त्यांच्या शिष्यांनी चार जगांची मांडणी फार बारकाईने केली आणि सर्वांत वरच्या जगाखाली एक पडदा मानला. त्यांच्या लेखी या पडद्यात कपट नव्हते, दया होती. वरचा प्रकाश थेट खाली आला तर खालचे भांडे फुटेल, म्हणून तो गाळून पाठवायचा. सूर्यग्रहण पाहताना आपण काजळी धरलेली काच डोळ्यांपुढे धरत असू, तसेच काहीसे.

१८८७ हे साल या कथेत विलक्षण आहे. त्या वर्षी लंडनमध्ये मॅग्रेगर मॅथर्स यांनी झोहरचे तीन भाग इंग्रजीत आणले आणि पुस्तकाला नाव दिले ते कब्बालाचे अवगुंठन दूर केल्याचे. भाषांतर थेट मूळ अरमाइकवरून नव्हते. सतराव्या शतकातल्या एका जर्मन पंडिताच्या लॅटिन ग्रंथावर ते उभे होते. पुढच्या वर्षी मॅथर्स आणि त्यांच्या सोबत्यांनी 'गोल्डन डॉन' ही गुप्त मंडळी काढली. तिच्या दीक्षाविधीत पारोखेत नावाचा पडदा बाहेरच्या आणि आतल्या वर्तुळांच्या मधे आला. आज इंग्रजी गूढविद्येच्या पुस्तकांत 'स्वर्ग आणि भौतिक जग यांच्यातली सीमा' म्हणून जो पडदा भेटतो, तो बराचसा या लंडनच्या बैठकीत शिवलेला आहे.

आणि त्याच १८८७ मध्ये पुण्यात अब्राहम डेव्हिड इझिकेल या बगदादी ज्यू गृहस्थांनी झोहरचा एक भाग छापला. मॅथर्स यांनी घेतलेल्या तिन्हींपैकीच एक, 'इद्रा झुता', म्हणजे छोटी सभा. मूळ अरमाइक आणि सोबत अरबी भाषांतर, पण लिपी हिब्रू. बगदाद, बसरा, मुंबई, कलकत्ता, रंगून या व्यापारी पट्ट्यातल्या ज्यू घरांत तीच बोली होती. लंडनचे पुस्तक अशा वाचकांसाठी होते ज्यांना कब्बाला ही एक परकी, आकर्षक वस्तू वाटत होती. पुण्याचे पुस्तक ज्यांची ती विद्या होती त्यांच्याच बायकापोरांच्या बोलीत होते. फरक लहान वाटतो, पण सगळा गोंधळ त्यातूनच झाला.

इझिकेल थिऑसॉफिस्ट होते. या पंथाचे संस्थापक मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कट १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले आणि १८८२ च्या अखेरीस मद्रासजवळ अड्यारला जाईपर्यंत मुंबई हेच त्यांचे ठाणे होते. पारशी, ब्राह्मण, काही इंग्रज अंमलदार अशी मंडळी त्यांच्याकडे ओढली गेली. सगळ्या धर्मांच्या पोटात एकच जुने ज्ञान आहे, हा त्यांचा सिद्धांत. पुण्यात बसून गीता आणि उपनिषदांबद्दल बोलणाऱ्या मित्रांच्या घोळक्यातल्या ज्यू माणसाला वाटलेच असणार की आपल्याकडेही असे काही आहे. ते का दडवून ठेवायचे? माझा अंदाज आहे, पण त्या काळच्या पुण्याची हवा पाहता चुकीचा नसावा.

इझिकेल यांच्या पुस्तकाला मुंबईच्या ज्यू समाजातून विरोध उठला. प्रश्न बगदादला गेला, हखम योसेफ हय्यीम यांच्यापर्यंत. हे स्वतः कब्बालाचे जाणते, सामान्यांसाठी प्रवचने देणारे, त्या भागातले सर्वांत वजनदार धर्मपंडित. त्यांचा कौल पुस्तकाच्या विरोधात गेला. कारण समजून घेण्यासारखे आहे. इद्रा झुतात ईश्वराचे वर्णन मुख, कवटी, दाढी अशा शब्दांत येते. जाणत्याला ती संकेतांची भाषा आहे; अजाणत्याने ते अक्षरशः घेतले तर निराकार देवाची मूर्ती करून बसेल. पडदा बाजूला केला तर पलीकडचे दिसेलच असे नाही, पडद्यावरची चित्रेच देव वाटू लागतील.

याच सुमाराला कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंनी वेगळाच रस्ता काढला होता. १८८० मध्ये मुंबईत त्यांच्यातल्या काहींनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढले आणि अब्राहम, मोशे यांची आख्याने मराठी कीर्तनातून, साक्या-दिंड्या-ओव्यांच्या चालींवर सांगायला सुरुवात केली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. त्यावर बगदादहून कुणी बंदी घातली नाही. कथा आणि प्रार्थना लोकांच्या होत्याच. गूढ मात्र मूठभरांचे. भाषेचा उंबरा कुठे ओलांडायचा आणि कुठे नाही, याचा प्रत्येक समाजाचा हिशेब असतो.

इद्रा झुताची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती वाचताना मला सज्जनगड आठवला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. रब्बी शिमोन यांचा शेवटचा दिवस. घरात जवळचे शिष्य. ते कामे वाटून देतात: रब्बी अब्बा लिहितील, मुलगा एलाझार म्हणून दाखवेल, बाकीच्यांनी मनात घोळवायचे. मग आयुष्यभर सांगायला भ्यालेले ते सांगत जातात. अब्बांची लेखणी चाललेली. एका वचनावर येतात, त्यात 'जीवन' हा शब्द असतो. तो उच्चारतात आणि पुढे आवाज नाही. अब्बा म्हणतात, अजून लिहायचे म्हणून मी थांबलो, पण काही ऐकू आले नाही. घराभोवती दिवसभर असा अग्नी राहिला की कुणाला जवळ जाता येईना. या सीमेवर पडदा, टप्पे, चार जगे असली काही रचना नाही. एक शब्द आहे आणि मग लेखणीची शांतता.

आता साताऱ्याकडे येऊ. शके १६०३, माघ वद्य नवमी. इसवी सन १६८२ चा जानेवारी. रामदास सज्जनगडावर १६७६ पासून राहत होते. हा परळीचा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये आदिलशाहीकडून घेतला. दुसऱ्या दरवाजाजवळचा फारसी शिलालेख त्या जुन्या धन्यांची खूण म्हणून अजून तिथेच आहे. महाराज १६८० मध्ये गेले. समर्थांनी अन्न जवळजवळ सोडले होते. तंजावरहून राम-लक्ष्मण-सीतेच्या मूर्ती नवमीआधी चार दिवस गडावर पोचल्या असे सांप्रदायिक परंपरा सांगते. जवळ उद्धव गोसावी आणि अक्कास्वामी हे शिष्य होते. कल्याणस्वामी, ज्यांच्या हाताने दासबोध लिहिला गेला असे मानतात, ते दूर परांड्याजवळच्या डोमगावला. शिष्य रडू लागले तेव्हा समर्थांनी त्यांना धीर दिला: देह जाईल, पण दासबोध आणि आत्माराम हे ग्रंथ आहेत, मी तिथे आहे. शेवटचा शब्द 'राम' होता असे सांगतात.

गुरूचा शेवटचा दिवस, लिहिणारा शिष्य, शेवटचा शब्द, आणि देह संपल्यावर ग्रंथात राहणारा माणूस. परस्परांची गंधवार्ता नसलेल्या दोन परंपरांत हे इतके जुळावे, याचा मोह होतोच. रामदासांच्याच काळात, १६६६ च्या उन्हाळ्यात शिवाजी महाराज आग्र्याला अडकून बसले होते आणि तिकडे तुर्कस्तानात शब्बताय झ्वी या, आपण मसीहा आहोत म्हणणाऱ्या कब्बालावाद्याच्या मागे सगळ्या युरोप-आशियाच्या ज्यू वस्त्या वेड्या झाल्या होत्या. ऑगस्टमध्ये महाराज निसटले. सप्टेंबरमध्ये सुलतानापुढे झ्वी मुसलमान झाला. ही जुळणी केवळ कालगणनेतली आहे, तिला अर्थ नाही. पण डोळ्यांपुढे आणून पाहायला बरे वाटते.

दासबोधात सीमेला नाव आहे: मूळमाया. निर्गुण, निश्चळ ब्रह्मात पहिली चळवळ होते, आकाशात वारा उठावा तशी, ती मूळमाया. तिथून गुणमाया, तीन गुण, पाच भूते, आणि शेवटी हा दगडधोंड्यांचा, कुटुंबकबिल्याचा पसारा. पिंडाचे चार देह मानले आहेत: स्थूळ, सूक्ष्म, कारण, महाकारण. ब्रह्मांडाचेही चार. दोन्ही मिळून आठ. कब्बालाच्या चार जगांशेजारी ठेवले तर पुण्यातले इझिकेल हरखून गेले असते. पण उतरंड सारखी दिसली तरी तिच्यावर काय करायचे हे वेगळे आहे, आणि तिथे मला दोन्ही परंपरा एकमेकींपासून निघून जाताना दिसतात.

समर्थांच्या सांप्रदायिकांत एक शब्द आहे, तत्त्वझाडा. झाडा देणे म्हणजे हिशेब देणे. कोठीतला माल मोजावा तसा. हे हाड पृथ्वीचे, हे रक्त आपाचे, ही भूक तेजाची, हा श्वास वायूचा. ज्याचे त्याला परत. पृथ्वी पाण्यात, पाणी तेजात, तेज वायूत, वायू आकाशात. मोजून मोजून देत गेल्यावर हातात राहील तो कोण? मग मूळमायाही उरत नाही, कारण ती भासच होती. वीस दशक, दोनशे समास आणि साडेसात हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ, यातले बरेच काही पुन्हा पुन्हा हाच झाडा घेते. दासबोध कंटाळवाणा वाटणाऱ्यांना मी दोष देत नाही. सरकारी दप्तरासारखी त्याची शिस्त आहे. पण त्यात पडदा जपण्याची गोष्ट कुठेच नाही. पडदा खराच नाही, म्हणून विवेकाने त्याचा निरास करायचा. कब्बालावाल्याला हे ऐकून धडकी भरेल. त्याच्या लेखी पडदा खरा आहे. त्याच्या अलीकडचे जगही खरे आहे. देवाचे सान्निध्य, शेखिना, याच जगात परागंदा होऊन वावरते. माणसाने भाकरीवर आशीर्वाद म्हणणे, शब्बाथ पाळणे, या कृतींनीच वरच्या प्रकाशाने फुटलेली भांडी पुन्हा जुळतात. एकीकडे झाडा, दुसरीकडे जोडणी.

आणि गंमत अशी की ज्यांनी पडदा खोटा म्हटला, त्यांनी तो मराठीत म्हटला, संस्कृतात नाही. गावोगाव मठ उभे केले. या मठांपैकी एक मिरजेला होता, तो वेणास्वामींचा.

वेणास्वामी म्हणजे वेणाबाई, कोल्हापूरची, मिरजेच्या घरात दिलेली, बालपणीच विधवा झालेली. घरात ती एकनाथी भागवत वाचत बसलेली असताना रामदास भिक्षेला आले आणि वाचतेस ते समजते का असे विचारले, अशी कथा आहे. तिने उलट प्रश्नांची झोड उठवली. मग ती कीर्तनाला जाऊ लागली, लोक बोलू लागले, आणि बखरीप्रमाणे घरच्यांनीच तिला विष दिले. ती वाचली. समर्थांबरोबर गेली. पुढे मिरजेचा मठ तिच्याकडे आला आणि तिने तिथे उभे राहून कीर्तन केले. उभे राहून, हा तपशील सांप्रदायिक मुद्दाम सांगतात, कारण स्त्रीने, त्यातून सोवळ्या विधवेने, हातात वीणा घेऊन लोकांपुढे उभे राहणे म्हणजे तिच्या काळातली मोठी सीमा ओलांडणे होते. सीतास्वयंवर तिनेच रचले. १६७८ मध्ये सज्जनगडावर कीर्तन करून तिने समर्थांच्या पायावर डोके ठेवले ते उचललेच नाही, अशी कथा आहे. तिचे वृंदावन गडावर आहे. दर्शनाच्या रांगेतली माणसे बहुतेक वेळा त्याला वळसा घालून निघून जातात.

मिरजेत तिचा मठ आजही आहे. मला त्याबद्दल एवढेच म्हणायचे आहे की १८८७ च्या पुण्यात जो उंबरा आडवा आला, तो मिरजेत त्याआधी दोनशे वर्षे एका बाईने पायाखाली घातला होता. म्हणून आपले पूर्वज उदार आणि बगदादचे कर्मठ, असा शेवट काढू नये. वेणाबाईला विष आपल्याच माणसांनी दिले होते. शिवाय भाषांतर झाले म्हणून अर्थ खुला होतो असे थोडेच आहे. दासबोध घरोघरी आहे आणि बहुतेक घरांत तो लाल कापडात बांधून देव्हाऱ्याशेजारी ठेवलेला आहे. तोही पडदाच.

सांगलीने या गोष्टीला आणखी एक माणूस दिला. गुरुदेव रा. द. रानडे हे जन्माने जमखंडीचे, पण डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ मध्ये सांगलीला विलिंग्डन कॉलेज काढले, तिथे त्यांनी तत्त्वज्ञान शिकवले. त्यांचे गुरू भाऊसाहेब महाराज उमदीचे. उमदी जत तालुक्यात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, कर्नाटकाच्या हद्दीवर. तिथल्या संप्रदायात नामस्मरणाच्या वाटेला पिपीलिका मार्ग म्हणतात: मुंगीसारखे हळूहळू फांदीवर चढणे, विचाराची वाट ती विहंगम मार्ग, पक्ष्यासारखी थेट फळावर झेप. रानड्यांनी १९३३ मध्ये महाराष्ट्रातल्या संतांवर मोठा इंग्रजी ग्रंथ छापला. त्यात ज्ञानेश्वरांपासून रामदासांपर्यंत सर्व येतात आणि रामदासांना त्यांनी कृतिप्रधान गूढवादी म्हटले. पाश्चात्त्य संतांचे दाखलेही सोबत येतात. रानड्यांचे मत असे होते की खऱ्या अनुभवापाशी सगळे एकाच ठिकाणी पोचतात.

या मतापुढे मी अडखळतो. थिऑसॉफिस्ट हेच म्हणत आणि त्यातून इझिकेल यांचे पुस्तक छापून आले, हे चांगलेच झाले. पण सगळे एकच म्हणताना कब्बालाचा पडदा आणि समर्थांची मूळमाया एकाच खुंटीवर टांगली जाते, आणि एक पडदा जपायचा आहे व दुसरा झाडून टाकायचा आहे, हे कुणी विचारत नाही. मुंगी आणि पक्षी फळापर्यंत पोचले तरी झाड वेगवेगळे असू शकते, असे मला वाटते. कदाचित रानडे हसले असते.

शेवटी पुन्हा सज्जनगडाकडे. १७०० च्या उन्हाळ्यात औरंगजेब साताऱ्याला तळ देऊन होता. अजिंक्यतारा पडला, मग परळीचा किल्लाही. अक्कास्वामींनी वरच्या मजल्यावरचे राम-लक्ष्मण-सीता गडावरून हलवून वाघापूरला नेले असे परंपरा सांगते. पुढे गड परत मिळाला तेव्हा देव वर आले. तळघरातली समाधी मात्र त्या सगळ्या काळात हलली नाही. तिला नेणार कुठे?

गेल्या दासनवमीला मी पुन्हा खाली उतरलो. पायऱ्या अरुंद, माणसे ओळीने, चपला नसल्याने दगड गार लागत होता. एका म्हातारबाईंनी उतरण्याआधी वाकून पायरीला हात लावला आणि तो कपाळाला लावला, जशी माझी आजी लावायची. समाधीपुढे हात जोडल्यावर मी सहज वर पाहिले. वरच्या थरावर, अगदी माझ्या डोक्याच्या सरळ वर, राम उभे असणार. खालून तो थर साधा दगड दिसत होता. मागून कुणीतरी म्हणाले, "पुढे सरका, रांग मोठी आहे."